नातवंडांसमवेत आनंदोद्यानात

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी आमच्याकडे बाजारपेठेविषयी चार शब्द मागितले जातात, आणि आम्हीही तूर, हरभरा, जोंधळा यांच्या तेजीमंदीवर काहीबाही लिहून चिटणिसांच्या शब्दास मान देतो. यंदा मात्र विषयांतराची परवानगी आम्ही आधीच मागून घेतली आहे. सन २०२४ च्या मे महिन्यात आम्ही सहपरिवार बंगळूर व म्हैसूरकडील आनंदोद्याने पाहून आलो. जन्मभर गादीवर बसून जे शिकलो असे आम्हांस वाटत होते, त्याची परीक्षा तेथे एका सहा वर्षांच्या नातीसमोर झाली आणि तीत आम्ही प्रथम नापास झालो. तो वृत्तान्त सभासद बंधुभगिनींपुढे ठेवणे उचित वाटते.

आमचे थोरले चिरंजीव बेळगावात आमच्याबरोबर पेढीवर असतात. धाकटे बंगळुरास संगणकाच्या नोकरीत आहेत. कन्या इंदुरास दिली आहे. तिघांची मिळून पाच नातवंडे; थोरला तेरा वर्षांचा, धाकटी सहा वर्षांची. बेळगावची दोघे मराठी बोलतात, बंगळूरची दोघे इंग्रजी व कानडी, आणि इंदूरच्या नातीच्या तोंडी शाळेतली हिंदी बसलेली. लग्नकार्यात ही मुले एका पंक्तीस बसून जेवत, आणि हात धुतला की ज्याचे ते मोबाइलवर बोटे फिरवीत कोपरा धरीत. आमच्या लहानपणी मे महिन्यात आत्याची, मावशीची मुले मिळून घरात पंधरावीस पोरे जमत आणि पोत्यांच्या थप्पीवरून उड्या मारीत. आपण भावंडे आहोत, हे तेव्हा कोणास सांगावे लागत नसे. आता ते सांगावे लागते, ही आमच्या सौभाग्यवतींची खंत.

म्हणून हा बेत त्यांचाच. तेरा माणसांच्या प्रवासाचा, मुक्कामाचा व तिकिटांचा अंदाज काढून आम्ही म्हणालो, “एवढ्या पैशांत सम्मेदशिखरजीची यात्रा होईल.” त्यावर त्या म्हणाल्या, “अहो, यात्रा आपण आपल्यासाठी केल्या. एकदा मुलांच्या जत्रेला आपण चला.” आम्हांस उत्तर सुचले नाही.

वास्तविक ही आनंदोद्याने म्हणजे आपल्या जत्रेचीच मोठी भावंडे. रहाटपाळणा, लाकडी घोडे, आरशांचा तंबू हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यास आजचे रूप देणारे गृहस्थ अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने. सुटीच्या दिवशी ते आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसमधील ग्रिफिथ पार्क या बागेत घोड्यांच्या चक्रावर बसवीत आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात वाट पाहत बसत. बापास व मुलांस एकत्र मौज करता येईल असे स्थळ का नसावे, हा विचार त्या बाकावर सुचला, असे ते पुढे सांगत. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. आपल्याकडे दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली निघाले व २००८ साली बंद झाले. मुंबईजवळ गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ ते २०२२ पर्यंत चालले. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ चे.

आम्ही गेलो ते वंडरला हे उद्यान बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ आहे. ते २००५ साली सुरू झाले. त्याचे संस्थापक कोच्चौसेफ चिट्टिलापिल्ली यांची हकीकत व्यापारी बंधूंनी ऐकण्याजोगी आहे. वडिलांकडून एक लाख रुपये भांडवल घेऊन त्यांनी १९७७ साली केरळात विजेचा दाब स्थिर राखणारी यंत्रे करण्याचा लहानसा कारखाना काढला. तो धंदा जम बसल्यावर २००० साली कोचीस पहिले उद्यान काढले, मग बंगळूर, २०१६ साली हैदराबाद आणि २०२४ साली भुवनेश्वर. एक धंदा पक्का झाल्यावाचून दुसऱ्यात हात घातला नाही, हे आमच्या धाकट्या चिरंजिवांस आम्ही वाटेत दोनदा सांगितले. त्यांनी दोन्ही वेळा मान हलविली.

अशा ठिकाणी सुटीच्या व शनिवार-रविवारच्या दिवशी दर चढे असतात, मधल्या वारी उतरतात. अर्थात मंदीत खरेदी करावी या न्यायाने आम्ही मंगळवार निवडला. दारावरची एक गोष्ट आम्हांस फार आवडली. मुलांचे तिकीट वयावर नाही, उंचीवर आहे. ८५ सेंटिमीटरच्या आतील बालकास तिकीट नाही, तेथून १४० सेंटिमीटरपर्यंत मुलाचे तिकीट, त्यापुढे पुरे. वय तोंडाने सांगावयाचे असते आणि तोंड खोटे बोलू शकते. उंची खांबच सांगतो. आम्ही सर्वांदेखत त्या पद्धतीची वाखाणणी केली. ती वाखाणणी दोन प्रहरी आमच्याच अंगाशी आली.

सकाळ पाळण्यांत गेली. लोखंडी रुळांवरून धावणारी ती उंच गाडी पाहून दुकानात येऊन बसणारा आमचा दहा वर्षांचा नातू म्हणाला, “आजोबा, हिला इंजीन कुठे आहे?” आम्ही त्यास सांगितले की, यंत्र गाडीस पहिल्या चढावर ओढून नेते, एवढेच त्याचे काम. पुढे गाडी स्वतःच्या भारानेच धावते. ट्रकमधून फळीवर सोडलेले पोते जसे आपोआप खाली येते तसेच. आणि म्हणूनच पहिला चढ सर्वांत उंच असतो. घर्षणात वेग खर्ची पडतो, तेव्हा पुढचा प्रत्येक चढ त्याहून ठेंगणाच ठेवावा लागतो. नातू थोडा विचार करून म्हणाला, “म्हणजे भांडवल पहिल्या चढावरच मिळते.” आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली.

आमच्या सौभाग्यवतींचे लक्ष मात्र पाळण्यांकडे नव्हते, रांगांकडे होते. एकेका पाळण्यास अर्धा-पाऊण तास रांग. पहिल्या रांगेत पाचही मुले निरनिराळी उभी होती. दुसऱ्या रांगेत इंदूरच्या नातीने हिंदी चित्रपटाचे गाणे गुणगुणण्यास सुरुवात केली, ते बंगळूरच्या नातवास ठाऊक निघाले, आणि तिसऱ्या रांगेपर्यंत भेंड्या सुरू झाल्या. पुढे पुढे तर रांग संपू नये असे मुलांस वाटू लागले. “बघा,” सौभाग्यवती म्हणाल्या, “पैसे पाळण्याचे दिले, काम रांगेने केले.”

दोन प्रहरी तो प्रसंग घडला. एका मोठ्या पाळण्यात नातीस आपल्या शेजारी बसवीन, असे वचन आम्ही सकाळीच देऊन बसलो होतो. रांगेच्या तोंडाशी उंचीचा खांब होता. नात त्याखाली उभी राहिली आणि दोन बोटे कमी भरली. तेथील विशीतल्या तरुणाने नम्रपणे नाही म्हटले. आमच्याआड वचन आले. आम्ही त्यास कानडीत म्हणालो, “अहो, दोन बोटांचा काय तो प्रश्न! शेजारी मी बसतो आहे, घट्ट धरीन.” त्याने मान हलविली. तेव्हा आम्ही खाली वाकून नातीच्या कानात सांगितले, “बाळ, टाचा थोड्या उचल.” तिने उचलल्या.

मागे उभा असलेला दहा वर्षांचा नातू मोठ्याने म्हणाला, “आजोबा, हे तर काट्याला बोट लावल्यासारखे झाले!”

वाचकहो, तो शब्द आमचाच होता. गतवर्षी सुटीत त्यास दुकानात बसविले तेव्हा पहिला धडा आम्ही तोच दिला होता: काटा स्थिरावेपर्यंत हात दूर ठेवावा, काट्याला बोट लावणे ही चोरी. आमच्या वडिलांच्या काळी पायली, अधोली, चिपटे, मापटे ही मापे होती. १९५६ चा वजनमापांचा कायदा आल्यावर ती टप्प्याटप्प्याने जाऊन किलो आले. माप बदलले तरी धर्म बदलत नाही, असे वडील म्हणत. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत कमीअधिक मापाने देणेघेणे हा एक अतिचार शास्त्राने स्पष्ट सांगितला आहे. हे सारे आम्हांस पाठ. आणि एका लहान मुलीचे मन मोडू नये म्हणून आम्ही तिलाच खोटे माप द्यावयास शिकवीत होतो!

त्या तरुणाने रागावून न बोलता आम्हांस समजाविले की, छातीवर जो दांडा येऊन बसतो तो ठराविक अंगाच्या माणसासाठी बेतलेला असतो. अंग लहान असले तर मधे फट राहते, आणि गाडी उलटी होताना शेजाऱ्याचा हात त्या फटीस पुरत नाही. आमच्या अंगावर काटा आला. आम्ही त्यास हात जोडले, नातीस घेऊन रांगेबाहेर आलो आणि दोघे एका बाकावर बसलो. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, “आजोबा, मी खोटी उभी राहिले का?” आम्ही म्हणालो, “तू नाही, मी.” मग तिला घेऊन आम्ही लाकडी घोड्यांच्या चक्राकडे गेलो. आपण शेजारच्या घोड्यावर बसले पाहिजे, अशी तिने अट घातली. सहासष्टाव्या वर्षी ती आम्ही पाळली.

रात्री मुक्कामी सर्व मुलांस जवळ बसवून झालेली चूक आम्ही स्वतः सांगितली. क्षमावाणीच्या दिवशी आम्ही थोरामोठ्यांची क्षमा मागतो, पण नातवंडांपुढे हात जोडण्याचा आमचा तो पहिलाच प्रसंग. दहा वर्षांचा नातू ओशाळून आमच्या मांडीवर येऊन पडला. थोरल्या चिरंजिवांचे डोळे भरून आले. पेढीवर आमच्याशी मोजके बोलणारे ते चिरंजीव त्या रात्री बराच वेळ आमच्यापाशी बसून राहिले.

एक दिवस विश्रांती घेऊन आम्ही म्हैसूरच्या जी.आर.एस. फँटसी पार्क या उद्यानी गेलो. तेथे प्रत्येक खांबापाशी नात आपण होऊन टाचा टेकवून ताठ उभी राही आणि काय ते भावंडांना ओरडून सांगे. कोठे पास, कोठे नापास. नापास झाली की पाळीपाळीने एक भावंड तिच्यासोबत बाहेर थांबे. हा नियम मुलांनी आपसांत ठरविला होता. आम्हांपैकी कोणीही सांगितला नव्हता.

परतीच्या वाटेवर श्रवणबेळगोळ घेतले. विंध्यगिरीच्या सहाशेंहून अधिक पायऱ्या धाकटी नात कोणाचाही हात न धरता चढली. चामुंडरायांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस उभविलेली ती सुमारे ५७ फुटांची बाहुबलींची मूर्ती पाहून मुले क्षणभर गप्प झाली. पायांशी कानडी, तमिळ व मराठी अशा तिन्ही भाषांत अक्षरे कोरलेली आहेत; त्यांतील मराठी ओळ मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणली जाते. हे सांगताच बंगळूरच्या नातवाने विचारले, “तिन्ही भाषा कशासाठी?” आम्ही म्हणालो, “येणारी माणसे तीन भाषांची, म्हणून.” तो आपल्या भावंडांकडे पाहून हसला.

ज्यांना असा बेत करावयाचा असेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, निघण्यापूर्वी मुलांची उंची घरच्या चौकटीवर मोजावी आणि कोणत्या पाळण्यास किती उंची लागते हे विचारून ठेवावे. मगच वचन द्यावे.

दुसरी, खाण्याची. अशा बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाद्य आत नेऊ देत नाहीत आणि आत कांदा-लसूण नसलेले पदार्थ थोडेच. आमच्या सूनबाईंनी फोनवरून आधी चौकशी केली होती. सकाळी भरपेट न्याहारी करून जावे, आत दहीभात व फळे यांवर भागवावे. ज्यांना सूर्यास्तापूर्वी जेवावयाचे असेल त्यांनी साडेचारलाच बाहेर पडावे. नाही तरी त्या वेळी मुले थकलेलीच असतात.

तिसरी, पाण्यातील खेळांस विशिष्ट कापडाचेच कपडे लागतात. लुगडे, धोतर चालत नाही. तेव्हा वडीलधाऱ्यांसाठी सावलीतले एक बाक सकाळीच हेरावे आणि चुकामूक झाल्यास तेथेच भेटण्याचे ठरवावे.

चौथी, वडीलधाऱ्यांनी बाकावर बसून राहू नये. निदान लाकडी घोड्यावर तरी बसावे.

परतल्यावर मुनीमजींनी विचारले, “हा खर्च कोणत्या खाती टाकू?” आम्ही म्हणालो, “घरखर्च लिहा.” सौभाग्यवतींचे मत, तो भांडवल खाती टाकावयास हवा होता. पेढीच्या दाराच्या चौकटीवर आता पाच रेघा आहेत, प्रत्येकीपुढे तारीख आहे. यंदाच्या सुटीत इंदूरची नात आली. आल्याबरोबर, चहासुद्धा न घेता, चौकटीस पाठ लावून उभी राहिली. टाचा जमिनीस टेकलेल्या होत्या. दोन बोटे भरली, वर एक बोट अधिक.

जय जिनेंद्र.