आमच्या धंद्यातलं एक औषध

तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये मी कामाला आहे. आमच्या गोदामाच्या पत्र्याखाली गव्हाणी घुबडाची जोडी राहते. उंदरांचा बंदोबस्त फुकटात. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी म्हटलं, "हा शिकारी पक्षी, घारीसारखाच." सातपाटीहून येणारा ऑपरेटर हसला. "आमच्या वलांडीवर वाळत घातलेला बोंबील पळवते ती घार? ती कसली शिकार! नि गिधाड तर मेलेलंच खातं."

मुद्दा बिनतोड होता. खाटीक पक्षी सरडा मारून काट्याला टोचतो, बगळा मासे पकडतो, तरी ते शिकारी पक्ष्यांच्या यादीत नाहीत. 2019मध्ये अभ्यासकांनी व्याख्या बांधली ती कुळावरून: मूळ पूर्वज शिकारी आणि वंशातल्या बहुतेकांनी तो बाणा टिकवलेला. म्हणून गिधाड आत, बगळा बाहेर. गंमत म्हणजे ससाणा घारीपेक्षा पोपटाच्या जवळचा! जगात शिकारी पक्ष्यांच्या साडेपाचशेच्या वर जाती आहेत, आणि निम्म्याहून अधिक घटताहेत.

गिधाडाची गोष्ट मात्र माझ्या धंद्यातलीच. डायक्लोफिनॅक आपण पाठदुखीला घेतो. तेच गुरांना टोचायचे. जनावर मेलं की औषध मांसात राहायचं. गिधाडाच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. यूरिक आम्ल साचतं, काळजावर पांढरा थर चढतो, पक्षी खलास. हे 2004मध्ये उघड झालं. शंभरात एखादं मढं विषारी असलं तरी पुरे, कारण एकाच मढ्यावर अख्खा थवा उतरतो. पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 या काळात हजारात एक उरली. बॅच पास करताना आम्ही शुद्धता तपासतो. गिधाडाचं मूत्रपिंड कुठल्याच चाचणीत नसतं.

2006मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचू लागल्या, म्हणून 2015मध्ये कुपी 3 मिलीची केली. 2023मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही गिधाडांना तशीच घातक औषधंही गुरांसाठी बंद झाली. आपल्या मोखाड्याच्या शेजारी, हरसूलजवळच्या खोरीपाड्यात वनखातं आणि गावकरी गिधाडांसाठी मेलेली गुरं उघड्यावर ठेवतात. पण ते मांस स्वच्छ हवं.

तुमच्या गोठ्यात डॉक्टर सुई भरतील तेव्हा कुपीवरचं नाव वाचा. मेलॉक्सिकॅम मागा, सुजेवर ते चालतं, आणि गिधाडाला बाधत नाही.