पावतीपलीकडील दानधर्म

धर्माच्या गोष्टी सांगणारे तुम्ही कॅथॉलिक लोक आज गरिबांसाठीं करतां काय, असा टोमणा १८३३ च्या सुमारास पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या वादसभेंत निघाला. कायद्याचा विद्यार्थी फ्रेडरिक ओझानाम त्या वेळीं अवघा वीस वर्षांचा. त्यानें वाद वाढविला नाहीं (आम्हां वकिलांस हें साधलें असतें काय?), मित्र जमविले व मूफ्तार वस्तींतील रोझाली रांदू या धर्मभगिनीस गांठलें. आदल्या सालींच पटकीनें शहर पोळलें होतें. बाईनें त्यांस गरजू कुटुंबांची यादी दिली, भाकरीच्या व कोळशाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि प्रत्येक घरचा जिना स्वतः चढावयास लाविलें. ओझानाम पुढें लियों येथें व्यापारी कायदा शिकवूं लागला. १८५३ त तो वारला. संसारी गृहस्थांची ही मंडळी मात्र व्हिन्सेंट डी पॉल या संताच्या नांवानें आज दीडशेंहून अधिक देशांत, हिंदुस्थानांतही, चालू आहे.

आमच्या पेठांत सदावर्तें थोडीं नाहींत. धर्मादाय खात्यांत रकमाही चोख मांडलेल्या असतात. घेणाऱ्या कुटुंबाचें नांव तेवढें नसतें. रांगेंतील म्हातारीची चूल कां पेटत नाहीं, हें तिच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन किती शेटजींनीं पाहिलें आहे?