एकशे वीस सेकंद, सहा बाण

बर्लिनमध्ये 4 ऑगस्ट 2023 रोजी भारताला तिरंदाजीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतले पहिलेवहिले सुवर्णपदक मिळाले, ते सांघिक होते. ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि साताऱ्याची अदिती स्वामी या तिघींनी कंपाउंडच्या अंतिम लढतीत मेक्सिकोला 235-229 असे हरवले. दुसऱ्याच दिवशी सतरा वर्षांची अदिती वैयक्तिक विश्वविजेतीही झाली. एकट्याच्या पराक्रमाची गोष्ट सांगायला सोपी, म्हणून तीच जास्त सांगितली गेली. माझे लक्ष मात्र आदल्या दिवशीच्या घड्याळावर अडकते.

सांघिक लढतीत एका फेरीला सहा बाण, तिघींचे दोन-दोन, आणि वेळ 120 सेकंद. बाणामागे वीस सेकंद आले. एवढ्यात रेषेवर यायचे, बाण लावायचा, ओढायचा, सोडायचा आणि मागे सरकायचे. पुढची खेळाडू एक मीटर मागच्या रेषेआड थांबलेली असते. आधीची परतण्यापूर्वी ती पुढे आली, तर पंच पिवळे कार्ड दाखवतात. रेषेवर उभे राहण्याआधी भात्यातून बाण काढलेलाही चालत नाही. पहिलीने पाच सेकंद जास्त घेतले की ते तिसरीच्या वाट्यातून गेले. अशा चार फेऱ्या, 24 बाण, 240 पैकी गुण.

या लढतीपर्यंत पोचायचे तर आधी पात्रता फेरी असते आणि दमछाक खरी तिथे होते. 50 मीटरवरून 72 बाण. दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या आठ सेंटीमीटर व्यासाचे. धनुष्य पन्नास पौंडांचे धरले, तरी 72 वेळा ते ओढणे म्हणजे 3600 पौंड, सोळाशे किलोंहून जास्त ओझे. सरावाचे बाण वेगळे. तिघींच्या या गुणांची बेरीज करून संघाचा क्रम ठरतो, त्यामुळे दुपारच्या उन्हात एकीचा खांदा भरून आला तर त्याची किंमत तिघी मोजतात. जून 2023 मध्ये कोलंबियातल्या मेडेयीनच्या विश्वचषकात अदितीने 720 पैकी 711 गुण मारून अठरा वर्षांखालील जागतिक विक्रम केला. 72 बाणांत फक्त नऊ गुण सुटले. सत्कारात वक्ते अशा वेळी अर्जुनाचा दाखला देतातच. पण हे एका नजरेचे काम नव्हे, पाठीचे आहे.

सातारा-सांगलीचा पट्टा मूळचा तालमींचा. ऑलिंपिक म्हटले की इथे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि 1952 चे हेलसिंकी आठवते. कुस्तीत घरचा पैसा दूध, तूप, बदामात जातो. तिरंदाजीत तो धनुष्यात जातो. शेरेवाडीच्या स्वामींच्या घरात वडील शिक्षक, तरी मुलीच्या साहित्यासाठी कर्ज काढावे लागले. तिचे प्रशिक्षक प्रवीण सावंत यांची दृष्टी आर्चरी अकादमी उभी राहिली तीही उसाच्या रानात. नागपूरचा ओजस देवतळे याच अकादमीत सरावाला आला. अदिती विश्वविजेती झाली त्याच दिवशी बर्लिनमध्ये त्यानेही 150 पैकी 150 गुण मारून पुरुषांचे विजेतेपद घेतले. कृष्णाकाठच्या एका शेतातून एकाच दिवशी दोन विश्वविजेते.

कंपाउंड धनुष्य म्हणजे रीतसर यंत्रच. दोन्ही टोकांना कॅम म्हणतात ती चाके. सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, मग चाके फिरली की भार एकदम उतरतो आणि हातात पाव-तिसरा हिस्साच उरतो. म्हणून नेम धरून स्थिर राहता येते. दोरीत पीप नावाचे बारीक भोक, समोर भिंगाचा स्कोप आणि त्यात पाणसळीसारखा बुडबुडा. दोरी बोटांनी सोडत नाहीत, रिलीज नावाच्या छोट्या हत्याराने सोडतात. हे हत्यार अंगठ्याने मुद्दाम दाबायचे नसते. पाठीचे स्नायू आवळत नेले की ते आपसूक सुटले पाहिजे. हे अंगवळणी पडावे म्हणून चार-पाच मीटरवर कोरा बट, म्हणजे बाण रुतणारा ठोकळा, ठेवून, टार्गेटचा कागद न लावता, डोळे मिटून बाण मारायला लावतात. नव्या मुलांना हा प्रकार भयंकर कंटाळवाणा वाटतो. जुने खेळाडूही बिनसले की पुन्हा तिथेच येतात.

बाणांची तयारी हा आणखी वेगळा उद्योग. कार्बनच्या नळीला पिसे चिकटवायची तीही साच्यात, एका कोनात. प्रत्येक बाणावर नाव किंवा आद्याक्षरे हवीत, असा नियमच आहे. शिवाय खेळाडू क्रमांक घालतात. चार नंबरचा बाण सारखा डावीकडे जातोय असे दिसले की त्याचे नॉक, म्हणजे मागची खाच, थोडे फिरवून बघायचे. तरी ऐकला नाही तर तो स्पर्धेच्या भात्यातून बाद. गंमत अशी की नेम जितका सुधारतो तितका खर्च वाढतो. बाण एकमेकांना चिकटून बसू लागले की मागचा पुढच्याचे नॉक फोडतो आणि कधी नळीच चिरतो. स्पर्धेला निघताना सुटी दोरी, दुसरे रिलीज आणि जमले तर अख्खे दुसरे धनुष्य सोबत लागते.

रिकर्व्हची गोष्ट निराळी. तिथे चाके नाहीत, भार उतरत नाही आणि अंतर 70 मीटर. त्यात फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवचे नाव मोठे. घर मजुरीवर चालणारे. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला खेळात आणले, क्रीडा प्रबोधिनीत तो तिरंदाज झाला आणि पुढे सैन्यात गेला. 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय आणि अतनू दास यांच्यासोबत त्याने सांघिक रौप्य जिंकले, त्यातूनच टोकियो ऑलिंपिकचे तिकीट मिळाले. एप्रिल 2024 मध्ये शांघायला तरुणदीप आणि धीरज बोम्मदेवरा यांच्या साथीने त्याने ऑलिंपिक विजेत्या कोरियाला हरवले. त्याची मोठी कमाई संघाबरोबरचीच.

ऑलिंपिकमध्ये आजवर फक्त रिकर्व्ह असे, आता 2028 च्या लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडला प्रवेश मिळाला आहे. तोही एकाच प्रकारात, मिश्र सांघिक. एक मुलगा, एक मुलगी, चार फेऱ्या, फेरीला 80 सेकंदांत चार बाण. वैयक्तिक स्पर्धा नाही. तेव्हा 150 पैकी 150 मारणाऱ्यालाही तिथे जायचे तर जोडीदार लागणार, आणि घड्याळ दोघांत वाटून घ्यावे लागणार.