नशा उतरल्यानंतरचा मेंदू

रात्री प्यायलेला माणूस सकाळी शुद्धीवर आला की त्याचा मेंदू पूर्ववत झाला, असे आपण धरून चालतो. दारूने मेंदू बिघडतो म्हणजे पेशी मरतात, ही दुसरी समजूत. दोन्हींतून एक शक्यता निसटते: पेशी जिवंत राहते, मोजणीत भरते, पण तिचा स्वभाव पालटलेला असतो. मेंदूच्या बाह्यपटलात पाचांतली साधारण एक चेतापेशी इंटरन्यूरॉन असते. दूरवर संदेश धाडणाऱ्या पिरॅमिडल पेशींना आवर घालणे हे तिचे काम, आणि त्यासाठी ती ‘गाबा’ हे रसायन सोडते. सोमॅटोस्टॅटिन बनवणाऱ्या इंटरन्यूरॉन पिरॅमिडल पेशीच्या फांद्यांवर, म्हणजे संदेश आत येतो तिथेच, लगाम धरतात.

अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२३मध्ये नेमक्या याच पेशींबद्दलचे निष्कर्ष मांडले. प्रयोगातल्या उंदरांच्या या पेशी लाल चमकतील अशी जनुकीय व्यवस्था होती. उंदीर रात्री जागा असतो, म्हणून अंधार पडल्यावर काही तास पाण्याऐवजी २० टक्के मद्याची बाटली ठेवतात. जबरदस्ती नसते, तरी या पद्धतीत उंदरांच्या रक्तातले मद्य १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅमच्या वर जाते. आपल्याकडे वाहनचालकाला असलेल्या ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या हे अडीचपटीहून जास्त आहे. पौगंडावस्थेत असे प्यायलेल्या उंदरांमध्ये लाल पेशींची संख्या घटली नव्हती. वाढली होती ती त्यांची उत्तेजनक्षमता. नर-मादींत ती सारखी नव्हती, पण प्रौढपणीही टिकून होती. केवळ पेशी मोजून थांबणाऱ्याला इथे काहीच बिघडलेले दिसले नसते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. उंदरांतही सगळे सारखे नसतात. या कामी वापरतात ती सी५७ जात मद्य आवडीने पिते, तर डीबीए जात ते टाळते. म्हणून उंदरावरून माणसाच्या पेल्यांचा हिशेब मांडता येणार नाही. मात्र गाबाने आवर घालण्याची मूळ रचना दोघांत एकच आहे, आणि पौगंडावस्थेतल्या माणसांना दारू पाजून असा प्रयोग करणे शक्य नाही. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. या पेशींकडून शेजाऱ्यांना मिळणारा गाबा बदलल्याचा पुरावा सापडला नाही. मग नुसत्या उत्तेजनक्षमतेला इतके महत्त्व का द्यावे? कारण शेजारी पेशीही जागच्या जागी राहिल्या नव्हत्या. पिणे थांबताच पिरॅमिडल पेशी मंदावल्या होत्या. माद्या प्रौढ होईपर्यंत, मध्ये दारूचा थेंबही न मिळता, त्याच पेशी उलट्या बाजूला झुकून अधिक सक्रिय झाल्या होत्या.