मटका रोटी : हाताला मान, छातीला धूर नको

नागपूर आणि विदर्भात उपड्या मडक्यावर भाजली जाणारी लांब रोटी, म्हणजेच मटका रोटी, आज पुन्हा मागणीत आहे. पूर्वी लग्नकार्याला अंगणात होणारी ही रोटी आता ऑर्डरप्रमाणे विकली जाते. तिच्यामागे वस्तीतल्या बायकांची मेहनत आहे. त्यांत आपल्याही अनेक भगिनी आहेत.

गव्हाचे पीठ मीठ-पाण्याने अगदी सैल भिजवून, आपटून-आपटून बराच वेळ मळतात. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाचे त्यामुळे चिवट जाळे तयार होते. म्हणून गोळा हातावर झेलत कोपरापर्यंत ताणला तरी फाटत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसते, म्हणून भाकरी थापावी लागते. खानदेशातले खापरावरचे मांडेही असेच हातावर ताणून होतात.

या रोटीत पीठ, पाणी आणि हाताचा स्पर्श एवढेच असते. जातिव्यवस्थेने विटाळ मानला तो नेमका आपल्या हातच्या पाण्याचा आणि अन्नाचा. पाण्याच्या हक्कासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. पुढे संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आज त्याच हातांची रोटी लोक पैसे मोजून नेतात, हा बदल लहान नाही. पण रोटीला मान मिळाला आणि करणारीची छाती धुराने भरली, तर तो मान अर्धाच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरगुती इंधनाच्या धुराने जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. धुरातले बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात. त्यातून दमा वाढतो, जुनाट श्वासविकार आणि हृदयविकार होतात. लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. तोंडाला पदर बांधून हे कण अडत नाहीत.

म्हणून एवढे करा :

• चूल उघड्यावर किंवा धुराडे असलेल्या जागी मांडा. जमेल तिथे गॅसची शेगडी वापरा.
• लाकूड पूर्ण वाळलेले घ्या. प्लास्टिक, रबर, रंगवलेले लाकूड कधीही जाळू नका.
• गरोदर बाई व लहान मुलांना चुलीपासून दूर ठेवा.
• जाळासमोर आळीपाळीने बसा, पाणी पीत राहा.
• खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. तिथे ती मोफत होते.

खाणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. पीठ बारीक चाळले की कोंडा, म्हणजे तंतू, निघून जातो. एका रोटीत साध्या पोळीपेक्षा पीठही बरेच असते. मधुमेह असेल तर रोटी कमी आणि डाळ, पालेभाजी जास्त घ्या.

आणि भगिनींनो, भाव ठरवताना पीठ-लाकडाच्या खर्चात आपली मजुरी धरायला विसरू नका. घरचे काम म्हणून ती सोडून देऊ नका.