जुन्या शहरातील रेल्वे : वर, खाली की रस्त्यावर?



‘लाइट रेल’ या संज्ञेतील ‘लाइट’चा अर्थ आपण ‘वजनाने हलकी’ असा घेतला, तर पुढील विवेचन समजणार नाही. मेट्रोपेक्षा कमी प्रवासी वाहून नेणारी, कमी खर्चाच्या मार्गावरून व बहुधा रस्त्याच्याच पातळीवरून धावणारी विजेची रेल्वे, असा तिचा अर्थ आहे. ‘हलकी रेल्वे’ हा शब्दशः अनुवाद म्हणूनच दिशाभूल करतो. ही वस्तू आपल्याला अगदीच परकी नाही. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली. ३१ मार्च १९६४ रोजी ती बंद पडली. लाइट रेल ही त्या ट्रामचीच पुढची पिढी. ट्राम इतर वाहनांच्या गर्दीतून वाट काढी. लाइट रेलला शक्यतो स्वतंत्र पट्टा राखून दिला जातो.

खरी अडचण आहे ती या स्वतंत्र पट्ट्याची. मालवणजवळचे देवबाग आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या भूभागावर गाव व त्याचा रस्ता. अशा ठिकाणी नव्या वाहनासाठी कोणी रस्त्याचा काही भाग मागितला, तर ‘वाहन कोणते?’ हा प्रश्न मागे पडतो व ‘रस्त्यावरून कोणाला हटवायचे?’ हा पुढे येतो. पुण्याच्या पेठांत समुद्र आणि नदी यांची जागा वाडे, देवळे व दुकाने यांनी घेतली आहे. रस्ता रुंद करायचा तर पेठेला पेठपण देणाऱ्या वास्तूच पाडाव्या लागतात.

पुण्याने याचे उत्तर जमिनीखाली शोधले. २४ डिसेंबर २०१६ रोजी तेथील मेट्रोचे भूमिपूजन झाले. पिंपरी-चिंचवडकडून उन्नत मार्गाने येणारी मार्गिका शिवाजीनगरच्या अलीकडे भूगर्भात शिरते आणि मुठा नदीखालून कसबा पेठ, मंडई करीत स्वारगेटला पोहोचते. हा भुयारी भाग सुमारे ५ किलोमीटरांचा असून त्यात ५ स्थानके आहेत. जिल्हा न्यायालयाचे स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे. तेथून स्वारगेटपर्यंतचा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुला झाला. खोल गेले म्हणजे इतिहास टळला, असे मात्र नाही. २०१९ मध्ये स्वारगेट येथे खोदकाम करताना पाणी वाहून नेणारा एक जुना बोगदाच समोर आला.

येथे कायद्याची भाषाही बारकाईने वाचावी लागते. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र ‘प्रतिबंधित’ आणि त्यापुढील २०० मीटर ‘नियंत्रित’ ठरते. पहिल्यात नव्या बांधकामास मनाई आहे, तर दुसऱ्यात परवानगीने ते करता येते. दोन्ही शब्द सैलपणे एकाच अर्थाने वापरणाऱ्या बातम्या आपण वाचल्या असतील. वनाज–रामवाडी ही दुसरी मार्गिका आगाखान पॅलेसजवळून न जाता कल्याणीनगरकडे वळली, ती या १०० मीटरांमुळे.

युरोपातील काही शहरांनी याच पेचाचे निराळे उत्तर दिले. फ्रान्समधील स्ट्रासबर्गने १९९४ मध्ये लाइट रेल जुन्या शहराच्या मध्यातूनच, रस्त्यावरून नेली आणि मुख्य चौकातून जाणाऱ्या मोटारी बंद केल्या. बोर्दोने २००३ मध्ये आणखी एक काळजी घेतली. जुन्या इमारतींसमोर विजेच्या तारांचे जाळे नको म्हणून दोन रुळांच्या मधोमध तिसरी पट्टी बसवली. ती लहान लहान तुकड्यांची असते आणि गाडी ज्या तुकड्यावर असेल तेवढ्यातच वीज येते. त्यामुळे पादचारी निर्धास्तपणे रूळ ओलांडू शकतात. हे तंत्र खर्चिक आहे, पण माझ्या मते त्याहून कठीण होते ते मोटारी हटवण्याचे काम.

पुण्यात रस्त्यावरची लाइट रेल पुरेशी ठरली असती, असे मला म्हणायचे नाही. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गावरील प्रवाशांचा भार पाहता भुयारी मेट्रोचा निर्णय योग्यच होता आणि त्याने अनेक वास्तूही वाचल्या. परंतु भुयाराने रस्त्याचा प्रश्न सोडवला नाही, तो जिथल्या तिथे राहू दिला. मंडई स्थानकातून वर आलेल्या प्रवाशाला तुळशीबागेत जाण्यासाठी दुचाक्या, रिक्षा आणि पथारीवाले यांच्यामधूनच वाट काढावी लागते. खाली रेल्वे धावू लागली म्हणून वरची वाहने आपोआप कमी होत नाहीत. त्यासाठी वेगळा निर्णय घ्यावा लागतो. पुणे महानगरपालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबर हा ‘पादचारी दिन’ म्हणून पाळण्यास सुरुवात केली. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद असतो आणि लोक रस्त्याच्या मधोमध चालत खरेदी करतात. दुसऱ्या दिवशी तेथे पुन्हा वाहने येतात.