घरच्या कुत्र्याचा पट्टा व त्याचें चघळणें

घरीं मूल जन्मास आलें म्हणजे त्याच्या टोपड्यापासून खुळखुळ्यापर्यंत प्रत्येक वस्तु वडील माणसें हातांत घेऊन पारखतात. टोपड्याची नाडी गळ्यास कांचेल काय, खुळखुळा फुटून त्यांतला खडा मूल तोंडांत घालील काय, हें पाहिल्यावांचून कोणतीहि वस्तु पाळण्यापर्यंत जात नाहीं. पण त्याच घरीं कुत्र्याचें पिल्लूं आलें म्हणजे बाजारांतली पहिली सांखळी त्याच्या गळ्यांत पडते, आणि चघळावयास जें हातीं लागेल तें दिलें जातें. मूल रडून तरी सांगतें. कुत्रें मुकाट्यानें सोशीत राहतें. म्हणून त्याच्या वस्तु निवडण्याचा भार सर्वस्वीं आपणांवर आहे, व त्याविषयीं चार उपयुक्त गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मांजरेच्या कांठचें कळंब हें धाराशिव जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव घ्या. अशा शेतीप्रधान गांवीं जनावराचें सामान म्हणजे मुख्यतः बैलाचें सामान : दावीं, कासरे, घुंगुरमाळा. बैलाच्या मानेचें बळ मोठें, म्हणून हें सामानहि जड व बळकट. तेंच मोजमाप मनांत ठेवून कुत्र्यासाठीं सांखळी घेणें मात्र अनर्थकारक होय. कुत्र्याची श्वासनलिका गळ्याच्या पुढल्या बाजूस, कातडीच्या अगदीं जवळ असते. पॉमेरेनियन म्हणून आपल्याकडे ज्या लहान पांढऱ्या कुत्र्यांची हौस फार, त्यांसारख्या लहान जातींत या नलिकेचीं कूर्चामय कडीं पुष्कळदां दुबळीं असतात. गळ्यास हिसके बसत गेले म्हणजे खोकल्याची ढांस लागते. डोळ्यांसहि या दाबाची झळ पोंचते. २००६ सालीं अमेरिकेंत पशुवैद्यांनीं मोजून पाहिलें, तेव्हां गळपट्टा ओढला असतां कुत्र्याच्या नेत्रांतील दाब वाढतो, परंतु छातीवरून ओढ घेणाऱ्या पट्ट्यानें तसा वाढत नाहीं, असें दिसून आलें.

यास्तव ज्या कुत्र्यास ओढण्याची खोड आहे, जें लहान जातीचें आहे, किंवा ज्याच्या डोळ्यांस व घशास विकार आहे, त्यास फिरावयास नेतांना छातीपट्टाच घालावा. दुकानदार त्यास हार्नेस म्हणतात. त्याचा पुढला भाग छातीच्या हाडावर यावा, खांदे मोकळे राहावे, व कांखेंत कोठेंहि घांसूं नये. खांद्यांवरून आडवा जाणारा पट्टा दिसण्यांत सुबक असला तरी चालतांना पायाची फेंक अडवितो.

शिकारी कुत्र्यांची गोष्ट निराळी. कारवान आणि पश्मी हीं कुत्रीं मराठवाड्यास परकीं नाहींत. त्यांचाच सगोत्र जो मुधोळ हाउंड, त्याचें चित्र २००५ सालीं आपल्या टपालाच्या तिकिटावरहि आलें. यांचें डोकें निमुळतें व मान जवळ जवळ तितकीच रुंद, त्यामुळें साधा पट्टा सुटून येतो. मग मालक तो श्वास कोंडेपर्यंत आवळतो. त्याऐवजीं यांना रुंद व मऊ, ओढ बसतांच ठराविक मर्यादेपर्यंतच आवळला जाणारा पट्टा घ्यावा. मर्यादा नसलेला, फांसासारखा आवळणारा सांखळीचा पट्टा मात्र कोणत्याहि कुत्र्यास नको.

पट्टा बरोबर बसला कीं नाहीं, हें पाहण्याची रीत सोपी आहे. पट्टा व मान यांमध्यें आपलीं दोन बोटें सपाट सहज गेलीं पाहिजेत. पिल्लूं झपाट्यानें वाढतें. म्हणून ही परीक्षा दर आठवड्यास करावी. तसें न झाल्यास पट्टा कातडींत रुततो, व केंसांआड ती जखम चिघळेपर्यंत दिसतहि नाहीं. पावसाळ्यांत चामड्याचा पट्टा भिजून कडक होतो. तो रात्रीं काढून वाळवावा व मान कोरडी पुसावी. पट्ट्यावर नांवाऐवजीं मालकाचा दूरध्वनि कोरलेली लहान चकती असावी. कुत्रें चुकलें असतां त्याचें नांव कोणाच्या उपयोगीं पडत नाहीं, क्रमांक पडतो.

आमच्या मुलखांत उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर जातो. कुत्र्याच्या अंगास माणसासारखा घाम येत नाहीं. तें मुख्यतः धापा टाकून आपलें शरीर थंड करतें. म्हणून तोंड घट्ट मिटविणारी कापडी मुसकी त्यास उन्हांत प्राणघातक ठरूं शकते. मुसकें घालणें भागच असेल तर तोंड उघडून धापा टाकतां येतील व पाणी पितां येईल असें जाळीचें घालावें. उन्हांत तापलेली लोखंडी सांखळी पोळते. दुपारच्या सडकेनें पावलेंहि पोळतात. तळहाताची मागली बाजू सडकेवर सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्यास त्या वाटेनें नेऊं नये.

सांखळीविषयीं आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. जनावरास अवाजवी आंखूड वा जड सांखळीनें गैरवाजवी वेळ बांधून ठेवणें, व नेहमीं बांधलेल्या कुत्र्यास हिंडण्याफिरण्याची संधि न देणें, हे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमान्वयें गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे नाममात्रच. पण ज्या घरांत दत्तप्रभूंच्या तसबिरींतील चार श्वानांस नित्य नमस्कार घडतो, तेथें दंडाच्या भीतीची गरज कां पडावी?

आतां चघळण्याविषयीं. पिल्लास दुधाचे अठ्ठावीस दांत येतात व सुमारें चार ते सहा महिन्यांच्या वयांत ते पडून बेचाळीस कायमचे दांत येऊं लागतात. या काळांत हिरड्या शिवशिवतात, आणि चपला, सोवळें, पोथीचें वेष्टन यांवर गंडांतर येतें. त्यास मारण्यांत अर्थ नाहीं. योग्य वस्तु द्यावी. शिजलेलें हाड कधींहि देऊं नये : तें तडकून त्याचे भाले होतात व आंतडें फाडतात. कच्च्या कातड्याच्या गुंडाळ्या बिस्किटासारख्या दिसतात, म्हणून शाकाहारी घरेंहि त्या अजाणतां आणतात. त्यांचा गिळलेला तुकडा पोटांत फुगून वाट अडवूं शकतो. हिमालयाकडील दुधाची छुर्पी शाकाहारी खरी, पण पुष्कळदां दगडासारखी कठीण. येथें नखाची परीक्षा करावी. अंगठ्याचें नख दाबलें असतां ज्यावर खूण उमटत नाहीं, ती वस्तु वरची मोठी दाढ फोडूं शकते.

सर्वांत स्वस्त व निर्धोक उपाय आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. मोठें गार गाजर किंवा काकडीचा जाड तुकडा पिल्लास पुष्कळ वेळ पुरतो. रबराचें खेळणें घेतल्यास तें लवचिक व संबंध तोंडांत न मावणारें असावें. सुताची दोरी उसवूं लागतांच फेंकून द्यावी. पोटांत गेलेला लांब धागा आंतडें गोळा करून कापतो. कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका व चॉकलेट हीं कुत्र्यास विषवत् आहेत. झायलिटॉल नांवाची कृत्रिम साखर असलेला च्युइंगगम तर थोडाहि घातक. सणावारीं मुलें प्रेमानें आपल्या पानांतलें देतात, त्यांना हें आधींच समजावून सांगावें.

यावर कोणी म्हणतील, गांवचीं कुत्रीं वाटेल तें खाऊन जगतातच कीं! जगतात, आणि किती तरी मरतातहि. त्यांची गणती कोणी ठेवीत नाहीं. शिवाय वाटेवरचें कुत्रें टोंचणारी वस्तु टाकून जाऊं शकतें, सांवलीकडे सरकूं शकतें. आपण बांधलेल्या कुत्र्यास ती मुभा नाहीं. ती आपण काढून घेतली, म्हणून तिची भरपाई आपल्याच हातून झाली पाहिजे. तेव्हां वाचकहो, आज सायंकाळीं घरच्या कुत्र्याच्या पट्ट्याखालीं दोन बोटें घालून पाहा, व तीं अडखळलीं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां पट्टा एक घर सैल करा.